बेतून लावायचे कापड : प्रतिकृती विमानावर लॉझेंज कॅमोफ्लाजचे डेकल

पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मन विमानांच्या पंखांवर चार-पाच रंगांच्या बहुकोनी तुकड्यांचे जे कॅमोफ्लाज दिसते, ते रंगाऱ्याने ब्रशने काढलेले नसे. ते कापडावरच छापलेले असे. कारखान्यात ठाणाने येई, पट्टे शिवून सांगाड्यावर ताणले जाई आणि वरून डोप (कापड ताणून घट्ट करणारे वॉर्निश) चढवले जाई. त्यात रंगाचे वजन वाचे आणि रंगवण्याचा वेळही वाचे. या नक्षीला लॉझेंज म्हणतात. १/४८ किंवा १/७२ प्रमाणात ती हाताने रंगवायला बसणारे लोक आहेत, पण त्यांचा हात आणि त्यांची डोळ्यांची ताकद सगळ्यांना लाभत नाही. बाकीच्यांना किटबाहेर स्वतंत्रपणे विकत मिळणारे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचा छापील पातळ पापुद्रा, घ्यावे लागते. या लेखात त्या डेकलचीच कृती दिली आहे, आणि उदाहरण म्हणून १/४८ प्रमाणातले फोकर डी-७ हे जर्मन लढाऊ विमान घेतले आहे.

डी-७ निवडण्याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे. या विमानाच्या फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, बाजू जवळजवळ सपाट आहेत आणि दोन पंखांच्या मध्ये तारांचे जाळे नाही, त्यामुळे पहिल्यांदा डेकल लावणाऱ्याचे हात अडकत नाहीत. दुसरे कारण सातारकरांसाठी आहे. १९६१ साली देशातले पहिले सैनिक स्कूल ज्या गावात सुरू झाले, तिथे माझ्या टेबलाशी डोकावणारा प्रत्येक मुलगा ‘काका, जर्मन विमान कशाला?’ असे विचारतोच. त्याला माझे उत्तर असे : पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधून लढायला गेलेले आणि जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत दहा हवाई विजय नोंदवणारे भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय हे २२ जुलै १९१८ रोजी फोकर डी-७ विमानांशी झालेल्या झुंजीतच पडले. रॉय यांचे एस.ई.५ए हे ब्रिटिश लढाऊ विमान बनवायचे असेल, तर त्याच्या शेजारी ठेवायला हे विमान लागतेच.

शीट हाती आल्यावर

अशी शीट साताऱ्यात किंवा सांगलीत दुकानात जाऊन मिळत नाही, ती मागवावी लागते. मागवायचीच असेल तर पावसाळा टाळावा. एका आषाढात माझे पाकीट भिजून आले, आणि शीटवरचा पातळ कागद नक्षीला असा चिकटला की सोडवताना निम्मे रंग त्याच्याबरोबर निघून गेले. पार्सल कोणत्याही महिन्यात आले, तरी उघडल्यावर शीट सपाट वहीत दाबून कोरड्या जागी ठेवावी.

शीट उघडल्यावर प्रथम वरच्या बाजूची कोणती आणि खालच्या बाजूची कोणती हे ठरवावे. पंखाच्या वरच्या पृष्ठासाठी गडद छटा असतात आणि खालच्या पृष्ठासाठी फिक्या. ट्यूबलाइटखाली दोन्हींचा घोटाळा सहज होतो, म्हणून दिवसाच्या उजेडात पाहून कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने ‘वर’, ‘खाली’ असे लिहून टाकावे. दुसरी गोष्ट म्हणजे साध्या डेकलशीटवर प्रत्येक चिन्हाभोवती स्वतंत्र पापुद्रा असतो, लॉझेंजच्या शीटवर मात्र सबंध पानभर एकच सलग पापुद्रा असतो. जिथे ब्लेड फिरेल तिथेच डेकल संपेल, त्यामुळे कापण्यातली चूक ही थेट लावण्यातली चूक ठरते.

पानाच्या कोपऱ्यातून एक सेंटिमीटरचा चौकोन कापून तो पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्याच्या फुगीर पाठीवर लावून पाहावा. शीट नवीन असली तरीही हे करावेच. पाण्यात तुकड्याच्या चिरफळ्या झाल्या, तर शीट जुनी झाली आहे असे समजून पानभर मायक्रोस्केलचे लिक्विड डेकल फिल्म किंवा पातळ क्लिअर वॉर्निश मारून एक दिवस वाळवावे. तुकडा शाबूत राहिला, तर त्यावर सॉफ्टनरचा (डेकल मऊ करून पृष्ठभागावर बसवणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाकून काय होते ते पाहावे. काही डेकल मायक्रो सोल या सॉफ्टनरने नुसती ओलसर होतात आणि त्यांना सॉल्व्हासेटसारखे जहाल द्रावण लागते. काही डेकल त्याच जहाल द्रावणाने अक्षरशः विरघळतात. ही परीक्षा चमच्यावर झाली तर नुकसान एका सेंटिमीटरचे होते.

खालचा रंग आणि चकाकी

लॉझेंज डेकलची शाई बहुधा पूर्ण अपारदर्शक नसते. खाली राखाडी पुट्टीचा डाग, काळा प्लॅस्टिकचा भाग किंवा पेन्सिलीची रेघ असेल, तर ती फिक्या गुलाबी आणि निळ्या बहुकोनांतून हमखास डोकावते. म्हणून पंखांना आणि फ्यूजलाजला सगळीकडे एकसारखा पांढरा रंग द्यावा. इंजिनाचे पत्र्याचे आवरण, पंखांमधले आधारदांडे आणि चाकांच्या तबकड्या हे भाग वेगळे रंगवून बाजूला ठेवावेत. पंख अद्याप जोडू नयेत. प्रत्येक पंख सुटा असतानाच डेकल लावणे सोपे जाते, आणि डी-७ ला ते सोयीचेही पडते.

पांढरा रंग पुरता वाळल्यावर त्यावर ग्लॉस वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत. मॅट रंग डोळ्यांना गुळगुळीत भासला तरी त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. डेकल त्या खडबडीच्या उंचवट्यांवर टेकते, खाचांत हवा अडकते आणि वाळल्यावर तिथे चंदेरी ठिपके चमकू लागतात. आम्ही याला ‘चांदी मारणे’ म्हणतो. कॅमोफ्लाजच्या डेकलमध्ये हा दोष जास्त बोचतो, कारण इथे एखाद्या चिन्हाखाली नव्हे तर सबंध पंखभर चांदी मारते. टॅमियाचे एक्स-२२ किंवा कोणतेही चांगले ॲक्रिलिक ग्लॉस चालते. लॅकर वॉर्निश मात्र साताऱ्यात जून ते सप्टेंबर या काळात मारू नये. कासच्या बाजूने ढग उतरले की हवेतली वाफ वॉर्निशमध्ये अडकते आणि पृष्ठभागावर दुधाळ साय धरते. ग्लॉस दिल्यावर किमान एक दिवस, आणि शक्य असल्यास दोन दिवस थांबावे. नखाच्या कडेने कोपऱ्यात हलकेच दाबल्यावर ठसा उमटला, तर अजून थांबायला हवे.

बेतणे

आता शिंप्याचे काम सुरू होते, आणि या कामासाठी मराठीत ‘बेतणे’ हा नेमका शब्द आहे. मूळ कापडाचा पन्हा सुमारे १.३५ मीटर होता. त्याला ४८ ने भागले की जवळपास २८ मिलिमीटर येतात. १/७२ ला हाच आकडा १९ मिलिमीटरच्या आत येतो. डी-७ चा वरचा पंख ८.९ मीटर लांब, म्हणजे १/४८ ला सुमारे १८५ मिलिमीटर. याचा अर्थ एका पृष्ठाला सात पट्टे लागतात, आणि सातवा पट्टा पूर्ण रुंदीचा नसतो. सबंध पंखावर एकच अखंड तुकडा घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण एवढा मोठा पापुद्रा ओला असताना सावरता येत नाही, आणि खऱ्या विमानावर तो तसा नव्हताही. शिवणीपाशी एका पट्ट्याची नक्षी दुसऱ्याच्या नक्षीशी जुळवण्याची तसदी कारखान्याने घेतली नव्हती. तेव्हा आपणही जुळवू नये. जुळलेली नक्षी उलट चुकीची दिसते.

पट्टे बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, म्हणजे रिबांना (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्यांना) समांतर असत. काही विमानांवर ते पंखाच्या लांबीने घातलेलेही दिसतात. आपण ज्या विमानाची प्रतिकृती करत आहोत, त्याचा जुना फोटो मिळाल्यास त्यावरच विसंबावे.

पंखाची झेरॉक्स काढावी, तिच्यावर मध्यापासून दोन्हीकडे २८ मिलिमीटरच्या रेघा आखाव्यात आणि त्या कागदी साच्यावरून डेकल कापावे. पुढच्या आणि मागच्या कडेला प्रत्येकी दोन मिलिमीटर जास्त ठेवावेत. शिंपी शिवणीसाठी माया ठेवतो, तशीच ही माया. शिवणीच्या बाजूंना माया ठेवू नये, तिथे नेमकी सरळ रेघ हवी. कापण्यासाठी पोलादी पट्टी, काचेचा तुकडा आणि कोरे ब्लेड वापरावे. आठ-दहा कापांनंतर ब्लेड बदलावे, कारण बोथट ब्लेड पापुद्र्याची कड ओढून दातेरी करते. कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर क्रमांक आणि पुढच्या कडेची दिशा दाखवणारा बाण पेन्सिलीने काढावा.

पाण्यात आणि पंखावर

नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. क्षारांचे पाणी वाळल्यावर ग्लॉसवर पांढरी वलये ठेवते आणि शेवटच्या मॅट हाताखाली ती उठून दिसतात. पोवई नाक्याच्या आसपास कोणत्याही गॅरेजवर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी मिळते. एका विमानाला त्यातली एक वाटी पुरते.

खोलीतला पंखा बंद करावा. हे मी सांगलीला बहिणीच्या घरी, वैशाखातल्या दुपारी शिकलो. साताऱ्यात जो तुकडा मिनिट-दीड मिनिट सरकवता येतो, तो तिथल्या उकाड्यात आणि डोक्यावरच्या पंख्याखाली वीस सेकंदांत पंखाला धरून बसला, तोही तिरपा. त्याला सोडवण्यासाठी पाणी घालत बसलो आणि शेवटी तो फाटला. सांगली, मिरज, तासगाव या भागात मार्च ते मे या काळात हे काम पहाटे करावे, किंवा रात्री जेवणे उरकल्यावर.

खालच्या पृष्ठापासून सुरुवात करावी. तुकडा कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बाहेर काढावा आणि टिश्यू पेपरवर कागदाची बाजू खाली करून ठेवावा. त्याला पाण्यात तरंगत ठेवणे ही नवशिक्यांची हमखास चूक आहे, कारण डेकलचा गोंद पाण्यात विरघळून जातो आणि नंतर पापुद्रा नुसत्या ओलाव्याने टिकतो. मिनिटभरात डेकल कागदावर सरकू लागते. तोवर पंखाच्या त्या भागावर मायक्रो सेटचा (डेकलखाली लावायच्या द्रावणाचा) हात द्यावा. मायक्रो सेटची बाटली निळ्या लेबलची असते, मायक्रो सोलची लाल लेबलची. घाईत दोन्ही उलटसुलट होतात, म्हणून त्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवाव्यात. सेट हे सौम्य आम्ल असून त्याला व्हिनेगरचा वास येतो. ते संपले असेल, तर पांढरे व्हिनेगर तिप्पट पाण्यात मिसळून काम भागते. सॉफ्टनरला मात्र घरगुती पर्याय नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमधले ॲसिटोन डेकलबरोबर पंखाचे प्लॅस्टिकही खाते.

कागद पंखालगत धरून डेकल मऊ ब्रशने सरकवत पंखावर आणावे. चिमट्याने उचलू नये. शिवणीची कड आधीच्या पट्ट्याला भिडवावी, पण तिच्यावर चढवू नये. चढलेली कड काळपट रेघेसारखी दिसते, कारण तिथे दोन शाया एकावर एक येतात. जागा पक्की झाली की रुंद, चपट्या, ओलसर ब्रशने मध्यापासून कडांकडे पाणी आणि हवा बाहेर काढावी. ओलसर इअरबड फिरवताना तो ओढू नये, लाटल्यासारखा फिरवावा.

यानंतर पृष्ठावर सॉफ्टनरचा एकच ओला हात द्यावा आणि हात मागे घ्यावा. मिनिटभरात डेकलवर सुरकुत्या पडतात, आणि ज्याने हे पूर्वी पाहिलेले नसते तो घाबरून बोट लावतो. त्या क्षणी डेकल ओल्या पापडासारखे मऊ असते आणि बोटाला चिकटून येते. काहीही करू नये. सॉफ्टनर उडून जाईल तशा सुरकुत्या आपोआप बसतात आणि पापुद्रा पंखावरच्या प्रत्येक रिबेच्या उंचवट्यावर ताणून बसतो. पहिल्या हाताने बसला नाही, तर तो पुरता वाळल्यावर दुसरा हात द्यावा, हवा तर तिसराही.

एका बैठकीत एका पंखाचे एकच पृष्ठ पुरे. सात पट्ट्यांना दीड-दोन तास लागतात, आणि पाठीला त्याहून जास्त लागू नयेत.

कडा

दुसऱ्या दिवशी, डेकल पूर्ण वाळल्यावर, माया काढायची. पुढच्या कडेला बारीक, सहाशे किंवा आठशे नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला चिकटवून तो नेहमी डेकलकडून खाली, कडेबाहेर जाईल असा ओढावा. उलट दिशेने घासल्यास पापुद्रा सुटून वर येतो. मागची कड अधिक नाजूक आहे. खऱ्या डी-७ च्या पंखाच्या मागच्या कडेला लाकूड नसून तार होती, आणि डोप लावल्यावर कापड आक्रसल्यामुळे ती तार प्रत्येक दोन रिबांच्या मध्ये आत ओढली जाई. त्यामुळे मागची कड सरळ नसून लहान लहान कमानींची दिसते. या कमानींत सपाट पट्टी जात नाही. उदबत्तीच्या काडीभोवती पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळून प्रत्येक कमान स्वतंत्र साफ करावी. काम रेंगाळते, पण याच कडेवर बघणाऱ्याची नजर प्रथम जाते.

खालचे पृष्ठ साफ झाल्यावरच वरचे लावायला घ्यावे. वरचा गडद थर पुढच्या कडेवर अगदी अर्धा मिलिमीटर खाली वळला तर चांगलेच. पांढरी रेघ झाकली जाते. तरीही कुठे पांढरे दिसले, तर शीटमधल्या गडद हिरव्या आणि निळ्याशी जुळणारे रंग टोकदार ब्रशने ठिपक्याठिपक्याने लावावेत. एकाच रंगाची सलग रेघ ओढू नये.

वाळल्यावर कुठे बुडबुडा राहिला असेल, तर तो बारीक सुईने दोन-तीन जागी टोचून त्यावर सॉफ्टनरचा थेंब सोडावा. आधारदांड्यांची भोके डेकलखाली झाकली जातात; ती उजेडासमोर धरून शोधावीत आणि ब्लेडच्या टोकाने फुलीच्या आकारात चिरावीत. सॉफ्टनर लावल्यावर चारही पाकळ्या आपोआप आत वळतात.

फ्यूजलाज आणि रिबपट्ट्या

फ्यूजलाजच्या दोन्ही बाजू आणि तळ सपाट असल्यामुळे तिथे पंखाचीच रीत चालते. वैमानिकाच्या मागचा पाठीचा गोल भाग मात्र शेपटीकडे निमुळता होत जातो, आणि सपाट पापुद्रा अशा पृष्ठावर चुणी पाडल्याशिवाय बसत नाही. इथे उपयोगी पडणारी युक्ती नक्षीतच आहे. पापुद्र्याला चीर द्यायची ती सरळ रेघेत न देता बहुकोनांच्या सीमारेषेवरून द्यावी. दोन रंगांच्या सीमेवरची चीर वाळल्यावर सापडत नाही. जिथे पापुद्रा एकमेकांवर चढेल, तिथला जादा बहुकोन सबंधच कापून काढावा.

हीच युक्ती डिजिटल कॅमोफ्लाजच्या जेट विमानांवर आणखी कामी येते. स्लोव्हाकियाच्या मिग-२९ वर (ती विमाने २०२२ मध्ये सेवेतून गेली) चौकोनी ठोकळ्यांची नक्षी होती, युक्रेनच्या सुखोई-२७ वरही तशीच असते, आणि तिथे चीर चौकोनाच्या कडेने दिली की ती नक्षीतच मिसळून जाते. अशा संचांत पायाचा राखाडी रंग बहुधा आपणच द्यायचा असतो. तुकड्यांना क्रमांक असतात. ते पाळावेत, कॉकपिटच्या मागच्या पाठीवरून सुरुवात करावी आणि उभे शेपटपंख शेवटी घ्यावेत.

लॉझेंज विमानावर शेवटची पायरी रिबपट्ट्यांची. खऱ्या पंखावर प्रत्येक रिबेवर कापडाची अरुंद पट्टी चिकटवलेली असे. काही विमानांवर ती त्याच छापील कापडाची, तर काहींवर एकरंगी निळी किंवा गुलाबी. १/४८ ला ही पट्टी एक मिलिमीटरच्या आतच राहते. एका वेळी चार-पाचच पट्ट्या कापाव्यात, कारण त्या सुटल्या की शेजारी शेजारी गुंतून बसतात. प्रत्येक पट्टी किटवरच्या उठावदार रिबेवर ठेवून आधी पुढचे टोक बसवावे, मग मागे ओढत न्यावी. सरळ आहे की नाही हे वरून नव्हे, पंखाच्या टोकाकडून डोळा लावून पाहावे. दोन्ही पंखांच्या चारही पृष्ठांवरच्या पट्ट्या मिळून संख्या बरीच होते, आणि खरे सांगायचे तर माझा उत्साह खालच्या पंखाच्या तळाशी पोहोचेपर्यंत टिकत नाही. विमान शेल्फवर ठेवायचे असेल, तर तळाच्या पट्ट्या सोडल्या तरी चालतात. स्पर्धेत मांडायचे असेल, तर सोडू नयेत.

वर काय लावावे

सगळे डेकल वाळल्यावर पृष्ठभाग ओलसर मऊ कापडाने पुसून गोंदाचे डाग काढावेत आणि ग्लॉसचा एक पातळ हात द्यावा. काळे क्रॉस, क्रमांक आणि वैमानिकाची खाजगी चिन्हे या थरावर लावावीत. लॉझेंजवर थेट लावल्यास त्यांच्यासाठी वापरलेला सॉफ्टनर खालचा थरही पुन्हा मऊ करतो. क्रॉसचा पांढरा भाग फिका वाटून खालची नक्षी त्यातून दिसत असेल, तर त्याच आकाराचा पांढरा डेकल-तुकडा आधी खाली घालावा.

मग मॅट किंवा सॅटिनचा शेवटचा हात. मी सॅटिन पसंत करतो, कारण डोप चढवलेले कापड पुरते निस्तेज नसे. हा हात कोरड्या दिवशी, पंखापासून वीत-दीड वीत अंतरावरून, दोन-तीन विरळ फेऱ्यांत द्यावा. त्यानंतरच आधारदांडे बसवून वरचा पंख जोडावा आणि चाके लावावीत.

उरलेले लॉझेंजचे तुकडे टाकू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ते दोन-तीन वर्षे टिकतात. शेल्फ पुसताना कोणाचे तरी बोट पंखाच्या कडेला लागून कपची उडाली, तर त्याच छपाईचा दोन बहुकोनांचा तुकडा तिथे लावता येतो.